बारा रुपये महिन्याचा वाढई आणि समुद्रावरचा सागवान : जमशेटजी बमनजी वाडिया यांची गोष्ट

यवतमाळ : 'बॉम्बे डाइंग' हे नाव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. कुणाकडे त्यांची चादर आहे, कुणाकडे टॉवेल, कुणाला लग्नात अहेर म्हणून आलेला संच. १८७९ मध्ये सूत रंगवण्याच्या छोट्या कामातून ही कंपनी उभी करणारे नवरोसजी वाडिया एका जुन्या पारशी घराण्यातले. पण कापड हा या घराण्याचा मूळ धंदा नव्हता. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं या घराण्यातली माणसं हातात वाकस आणि करवत घेऊन सागवानाची गलबतं बांधत होती. त्यातला सगळ्यात नावाजलेला कारागीर म्हणजे जमशेटजी बमनजी वाडिया. जन्म १७५४, मृत्यू १८२१.

नावात घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगितलेलं बरं. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे ते जमशेटजी टाटा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते जमशेटजी जीजीभॉय. हे तिसरे जमशेटजी त्या दोघांच्याही आधीचे. ते मोठे व्यापारी नव्हते, गिरणीमालकही नव्हते. ते सुतार होते. आपल्याकडे ज्याला वाढई म्हणतात तो. गुजरातीत गलबतं बांधणाऱ्याला वाडिया म्हणत, त्यावरूनच आडनाव पडलं.

आजोबा सुरतेहून आले

गोष्ट सुरू होते जमशेटजींच्या आजोबांपासून. लवजी नसरवानजी हे सुरतेच्या गोदीत मुकादम होते. त्या काळी सुरत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. ईस्ट इंडिया कंपनीनं तिथं एक गलबत बांधायला दिलं होतं. ते बघायला आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला लवजींचं काम पसंत पडलं. मुंबईत कंपनीला स्वतःची गोदी उभी करायची होती. १७३६ मध्ये लवजी काही निवडक सुतार सोबत घेऊन मुंबईत आले.

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी नव्हती. बंदर चांगलं होतं, पण लाकूड नव्हतं आणि हुनर असलेली माणसंही कमी होती. लवजींनी किनाऱ्यालगतच्या जंगलांतून सागवान मिळवण्याची व्यवस्था लावली आणि माणसं तयार केली. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली. १७६२ आणि १७६५ मध्ये तिला आणखी दोन जोडल्या गेल्या.

सुकी गोदी म्हणजे काय, हे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना चटकन कळत नाही. किनाऱ्याला लागून दगडानं बांधलेला एक मोठा हौद समजा, ज्याला समुद्राच्या बाजूनं दरवाजा आहे. मुंबईला दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या पाण्यासोबत गलबत आत घ्यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की दरवाजा लावून घ्यायचा. राहिलेलं पाणी काढून टाकलं की गलबत कोरड्यात उभं. मग त्याच्या तळाची फळी न् फळी तपासता येते, बदलता येते. आशियात अशी सोय त्या वेळी दुसरीकडे नव्हती. त्यामुळं दूरदूरची जहाजं दुरुस्तीला मुंबईत यायला लागली.

लवजी १७७४ मध्ये वारले. इतकी वर्षं कंपनीची एवढी मोठी गोदी सांभाळली, पण मागे फार मोठी दौलत ठेवली नाही. ठेवली ती ओळख आणि विद्या. त्यांच्यामागून माणेकजी आणि बमनजी या दोन मुलांनी काम चालवलं. १७७७ मध्ये या भावांच्या हाताखाली 'स्वॉलो' नावाचं गलबत पाण्यात उतरलं. गव्हर्नर जनरल म्हणून नेमलेले लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये विलायतेहून कलकत्त्याला आले ते याच 'स्वॉलो'वरून.

नातवाला सवलत नाही

बमनजींचा मुलगा जमशेटजी आणि माणेकजींचा मुलगा फ्रामजी. दोघं चुलत भाऊ. आजोबा गोदीचे मुख्य कारागीर, बाप आणि काका त्यांच्या हाताखालचे जाणते. असल्या घरातल्या पोरांना सरळ हिशेबाच्या गादीवर बसवता आलं असतं. पण लवजींनी या दोन्ही नातवांना साध्या सुताराच्या कामावर लावलं. पगार ठरला महिना बारा रुपये. इतर सुतारांसोबत लाकूड तासायचं, करवत ओढायची, भोकं पाडायची, डामर लावायचं.

ही शिक्षा नव्हती, शाळा होती. गलबत बांधायची विद्या तेव्हा मुंबईत कुठल्या पुस्तकातून मिळत नव्हती. ती हातानंच शिकायची होती. घराचं दार वाकडं बसलं तर रंधा मारून सरळ करता येतं. भर समुद्रात फळी उघडली तर माणसं बुडतात. म्हणून कुठलं लाकूड कुठं चालेल हे डोळ्याला आणि बोटांना कळावं लागतं.

गलबताचा पोटाकडचा भाग गोल असतो. त्याच्या फासळ्या सरळ लाकडाच्या करून चालत नाहीत. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर त्याचे तंतू तुटतात आणि ते ताणाखाली फुटतं. म्हणून जंगलात फिरून मुळातच वाकलेले बुंधे आणि फांद्यांचे दुबेळके शोधावे लागत. आपल्याकडचा जुना वाढई नांगराचं लाकूड बाभळीच्या नैसर्गिक बाकातून काढायचा, तीच ही अक्कल. फक्त इथं नांगराच्या जागी शंभर-सव्वाशे फुटांचं गलबत होतं.

१७९० मध्ये बमनजी आणि १७९२ मध्ये माणेकजी वारले. त्यानंतर गोदीची जबाबदारी फ्रामजी आणि जमशेटजी या दोन चुलत भावांवर आली. बारा रुपयांपासून सुरुवात केलेला जमशेटजी आता अडतिशीच्या घरात होता, आणि गोदीतलं एकही काम असं नव्हतं जे त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं नव्हतं.

विलायतेचा चहा, इकडचा कापूस

जमशेटजींच्या काळात मुंबईत मोठमोठी व्यापारी गलबतं बांधली जाऊ लागली. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. ते कारण चहा.

१७८४ मध्ये इंग्लंडनं चहावरचा कर एकदम कमी केला. तिथल्या साध्या माणसालाही चहा परवडायला लागला आणि मागणी वाढली. चहा तेव्हा फक्त चीनमधून यायचा. चिनी व्यापारी त्याबदल्यात चांदी मागायचे, आणि इतकी चांदी आणायची कुठून हा कंपनीपुढे प्रश्न होता. चीनला हवा असलेला दुसरा माल शोधावा लागला. तो माल होता कापूस. पश्चिम हिंदुस्थानातला, मुख्यतः गुजरातेतला कापूस मुंबईत यायचा आणि तिथून गलबतांत भरून चीनच्या कँटन बंदराला जायचा. पुढं पुढं कापसासोबत अफूही जायला लागली. त्या अफूनं चीनची किती नासाडी केली तो वेगळा आणि काळा इतिहास आहे. मुंबईतल्या कित्येक श्रीमंत घराण्यांच्या पैशाला त्या अफूचा वास आहे, हे विसरून चालत नाही.

कापूस हा माल हलका, पण जागा खाणारा. बंडीत कापूस भरणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून या व्यापाराला पोटानं मोठी गलबतं लागत. १७९१ मध्ये घराण्याच्याच नावाचं 'लवजी फॅमिली' हे व्यापारी गलबत मुंबईत तयार झालं. १७९८ मध्ये 'स्केल्बी कॅसल' पाण्यात उतरलं. त्याचं माप बाराशे टनांच्या वर होतं. त्या काळच्या व्यापारी गलबतांत हे फार मोठं माप. पुढं 'चार्ल्स ग्रँट', 'अर्ल ऑफ बाल्कारस', 'हेरफर्डशायर', 'बकिंगहॅमशायर' अशी एकामागून एक मोठी व्यापारी गलबतं मुंबईत तयार झाली. नावं सगळी विलायती, कारण मालक आणि मालाचे हक्कदार विलायती. हात मात्र इथले.

हजार टन म्हणजे किती, याचा अंदाज आपल्याच हिशेबानं घेता येतो. तेव्हा वऱ्हाडात रेल्वे नव्हती. कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बैलांच्या पाठीवरून जायचा. एका बैलावर एक क्विंटल ओझं धरलं, तर हजार टन मालाला दहा हजार बैल लागतील. असा तांड्यांमागून तांड्यांचा माल एकट्या गलबताच्या पोटात जाईल, असली त्याची ताकद.

आपल्या भागातला कापूस मात्र जमशेटजींच्या हयातीत मुंबईला फारसा जात नव्हता. वऱ्हाडचा कापूस तांड्यांसोबत उलट्या दिशेला, उत्तरेत गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातला कापूस पश्चिमेकडे वळवायला सुरुवात केली ती १८२५ च्या सुमारास, म्हणजे जमशेटजी गेल्यावर चार वर्षांनी. तिथून पुढं इथल्या वावरातली पऱ्हाटी समुद्राशी जोडली गेली ती कायमची.

सागवान विरुद्ध ओक

मुंबईच्या गलबतांचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळं, सागवान आणि जोडकाम.

विलायतेत जहाजं ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची होत. ओक मजबूत खरा, पण त्यात तुरट आंबट द्रव असतो. त्यानं लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही कुजतं. सागवानात तेल असतं. ते लोखंड सांभाळतं, पाणी सहजासहजी आत शिरू देत नाही, आणि समुद्रातल्या लाकूड पोखरणाऱ्या अळीलाही लवकर दाद देत नाही. पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजीकडच्या माणसाला सागवानाचे गुण कुणी शिकवायची गरज नाही. आजोबांच्या काळची सागवानी चौकट आणि दार अजून कितीतरी घरांत उभं आहे.

जोडकामाची पद्धतही वेगळी होती. विलायतेत फळी फळीला नुसती टेकवून फटीत दोर ठोकत. इकडच्या कारागिरांकडे फळीच्या कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवायची रीत होती. मधे कापूस आणि डामर. सांधा इतका घट्ट बसायचा की लांबून फळ्या वेगळ्या दिसत नसत. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचाच हिशेब असा होता की विलायती जहाज दहा-बारा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येतं, मुंबईचं सागवानी गलबत पन्नास वर्षं चालतं, आणि वर खर्चही चौथा हिस्सा कमी.

इंग्रज कारागीर पाठवायचा होता

तरीही विश्वास बसायला वेळ लागला. व्यापारी माल वाहायला मुंबईचं गलबत चालत होतं. पण राजाच्या आरमाराचं लढाऊ जहाज एका काळ्या माणसाच्या हाती द्यायचं, हे लंडनच्या साहेबांच्या पचनी पडत नव्हतं.

त्याच सुमारास फ्रान्सशी लढाया सुरू होत्या आणि इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती. १८०२ मध्ये आरमाराच्या कचेरीनं ठरवलं की लढाऊ जहाजं मुंबईत बांधून घ्यायची. पण त्यावर देखरेखीला इंग्रज कारागीर पाठवायचा, असा पहिला बेत होता. म्हणजे तीस वर्षं गोदीत घालवलेल्या माणसानं विलायतेहून आलेल्या कुणाच्या तरी हाताखाली काम करायचं. जमशेटजींच्या कामाची माहिती वरपर्यंत पोचवली गेली, आणि तो बेत मागे पडला. मुख्य कारागीर जमशेटजीच राहतील, असा निकाल लागला. मधे कुणी साहेब नाही.

हा एका माणसाच्या मानापुरता प्रश्न नव्हता. त्या जागी बाहेरचा माणूस बसला असता तर आराखडा त्याचा, निर्णय त्याचा, नावही त्याचं झालं असतं, आणि गोदीतले शेकडो सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडं शिवणारे निव्वळ मजूर होऊन राहिले असते. जमशेटजी त्या जागी राहिले म्हणून ही विद्या आणखी दोन-तीन पिढ्या इथल्या हातांत टिकली.

१८०४ मध्ये कंपनीनं त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. त्याच वर्षी चुलत भाऊ फ्रामजी वारले. १८०५ मध्ये आरमारासाठी बांधलेलं पहिलं जहाज पाण्यात उतरलं. पुढं ते 'साल्सेट' म्हणजे साष्टी या नावानं चाललं. १८०८-०९ च्या हिवाळ्यात हे जहाज युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्रात बर्फात अडकलं. कधी बर्फ न पाहिलेल्या जंगलातलं लाकूड त्या गोठलेल्या पाण्यात अडकून पडलं, आणि तगून बाहेर आलं.

१८१० मध्ये चौऱ्याहत्तर तोफांचं 'मिंडेन' उतरलं. ते नव्या डंकन गोदीत बांधलं होतं. १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' उतरलं. १८४२ मध्ये चीननं अफूच्या युद्धात हार मानून नानकिंगचा तह केला, तो याच 'कॉर्नवॉलिस'वर. इथल्या कारागिरांनी केलेली उत्तम वस्तू दुसऱ्या देशाला वाकवायला वापरली गेली. गलबत बांधणाऱ्याच्या हातात गलबत कुठं जाईल हे नव्हतं.

लाकडात कोरलेली गोष्ट

जमशेटजींबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८०० साली ते एक गलबत बांधत होते. काळा माणूस म्हणून ऐकावं लागणारं बोलणं त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांनी गलबताच्या तळात, वरून दिसणार नाही अशा आतल्या लाकडावर, इंग्रजीत एक ओळ कोरून ठेवली. हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलं आहे, असा तिचा आशय, आणि काळ्याच्या आधी साहेब लोक देत ती शिवीही त्यात घातलेली. खाली साल. पुढं काही वर्षांनी गलबत दुरुस्तीला गोदीत आलं, तेव्हा जमशेटजींनीच ती ओळ साहेबांना दाखवली.

गोष्ट सांगोवांगीची आहे, पण तिच्यातला माणूस ओळखीचा वाटतो. हा माणूस वाद घालत बसला नाही. कामाच्या पोटात आपलं म्हणणं ठेवून दिलं आणि काम टिकेल यावर भरवसा ठेवला.

घराण्याचे रिवाज त्यांनी सोडले नाहीत. १८१६ मध्ये 'त्रिंकोमाली' या जहाजाच्या कामाला सुरुवात झाली, तेव्हा पारशी रीतीप्रमाणे त्यांनी तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला. हा खिळा ठोकल्याशिवाय जहाजाला बरकत नाही, अशी श्रद्धा. १८१७ च्या ऑक्टोबरात जहाज पाण्यात उतरलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १८१६ मध्ये, 'बकिंगहॅमशायर' हे मोठं व्यापारी गलबत तयार झालं होतं. त्यानं आधी कंपनीचा माल वाहिला. १८३९ मध्ये ते विलायतेहून नवीन जागी वसायला निघालेल्या लोकांना घेऊन दक्षिण ऑस्ट्रेलियाला पोचलं. आज ऑस्ट्रेलियात असलेल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज मुंबईच्या सुतारांनी ठोकलेल्या सागवानावर पाय ठेवून तिथं गेले.

१८२१ मध्ये जमशेटजी वारले. त्यांच्या देखरेखीत सुरू झालेलं 'गँजेस' हे मोठं जहाज त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी पाण्यात उतरलं. मुख्य कारागिराची जागा मुलगा नवरोजी यांनी घेतली. इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्र आहे. डोक्यावर पारशी पगडी, हातात जहाजाचा आराखडा, आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली तीच चांदीची मोजपट्टी.

जंगलानं काय दिलं

या कर्तबगारीला दुसरी बाजूही आहे, आणि ती जंगलाजवळ राहणाऱ्यांना समजायला हवी. एका मोठ्या जहाजाला हजारो झाडं लागत. हे सागवान यवतमाळकडून जात नव्हतं. इथून समुद्रापर्यंत लाकूड वाहून न्यायची सोयच नव्हती. ते यायचं मलबार, कानडा आणि गुजरातच्या जंगलांतून, नद्यांतून तरंगत आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं.

आरमाराची गरज वाढली तसं कंपनीनं सागवानावर हक्क सांगायला सुरुवात केली. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला जंगलांवर नेमलं. काम एकच, गोदीला सागवान कमी पडू द्यायचं नाही. ज्यांच्या जमिनीवर आणि ज्यांच्या गावाजवळ सागवान होतं, त्यांनाच ते तोडायला बंदी झाली. लाकूड कंपनीनं ठरवलेल्या भावानं कंपनीलाच द्यायचं. लोक इतके कावले की १८२३ मध्ये ही व्यवस्था मोडावी लागली. पण विचार टिकला. पुढं इंग्रज सरकारचं जंगल खातं त्याच विचारावर उभं राहिलं. आज आपल्या शेताच्या बांधावरचं सागवान तोडतानाही परवानगीचे कागद फिरवावे लागतात. त्या कागदांची सुरुवात शोधत मागे गेलं तर वाट गोदीपर्यंत जाते.

मग हे सगळं गेलं कुठं?

इतकं चांगलं चाललेलं काम संपलं का, याची कारणं दोन.

पहिलं कारण कायद्याचं. मुंबई आणि कलकत्त्याची गलबतं थेट लंडनच्या नदीत यायला लागली तशी तिथल्या गोदीवाल्यांनी ओरड सुरू केली. आपल्या सुतारांचं पोट जाईल, असा त्यांचा दावा. नंतर झालेल्या कायद्यांत इकडच्या खलाश्याला ब्रिटिश खलाशी मानलं गेलं नाही, जरी तो त्याच राजाची प्रजा होता. जहाजावरचे चारपैकी तीन खलाशी ब्रिटिश हवेत, अशी अट आली. कोकण आणि गुजरातच्या खलाश्यांना घेऊन जाणाऱ्या गलबताला ती अट महागात पडायची. माल चांगला, भाव कमी, तरी नियम असे की तो विकायलाच अडचण.

दुसरं कारण वाफेचं. वाडिया घराण्यानं वाफेकडे पाठ फिरवली असं मुळीच नाही. नवरोजींच्या हाताखाली मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेची आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझपर्यंत गेली. घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये वाफेवरच्या जहाजांची विद्या शिकायला विलायतेला गेले. अर्देशीर कर्सेटजी वाडिया तर वाफेच्या यंत्रात इतके पारंगत झाले की १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदुस्थानी. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीतल्या यंत्रशाळेचे ते मुख्य अभियंता झाले आणि गोरे कामगार त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

म्हणजे बुद्धी होती, शिकायची तयारी होती. नव्हतं ते पोलाद आणि यंत्र बनवणारे कारखाने. सागवान इथलं होतं म्हणून सागवानाच्या काळात मुंबई पुढं होती. लोखंडी पत्रा आणि वाफेचं इंजिन विलायतेहून आणावं लागायचं, आणि राज्यकर्त्यांना ते इथं व्हावं असं वाटत नव्हतं. सागवानाची मोठी जहाजं १८५० च्या आसपास थांबली. १८८० च्या दशकात घराण्यातले शेवटचे मुख्य कारागीर निवृत्त झाले आणि ती जागाच संपली. दीडशे वर्षांत या घराण्याच्या देखरेखीत तीनशेहून जास्त गलबतं आणि जहाजं झाली होती.

जे उरलं आहे

'त्रिंकोमाली' अजून पाण्यावर आहे. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ते सांभाळून ठेवलं आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. ब्रिटनच्या लढाऊ जहाजांपैकी आज पाण्यावर तरंगणारं ते सगळ्यात जुनं. दोनशे वर्षांनंतरही त्यात मुंबईत बसवलेलं मूळ सागवान बरंचसं शिल्लक आहे. मुंबईच्या नौदलाच्या गोदीत जमशेटजींच्या काळची डंकन गोदी अजून आहे.

व्यापारी गलबतांच्या नशिबी मात्र संग्रहालय आलं नाही. ती माल वाहता वाहता झिजली, बुडाली, जळाली. ऑस्ट्रेलियाला माणसं नेणारं 'बकिंगहॅमशायर' १८५१ मध्ये कलकत्त्याजवळ हुगळी नदीत जळालं. कामाच्या बैलाचं जसं कुणी चित्र काढून ठेवत नाही, तसंच त्यांचं झालं. पण कापूस, चहा, माणसं आणि पैसा त्यांनीच वाहिला.

यवतमाळ जिल्ह्यासाठी या गोष्टीत एक सरळ हिशेब आहे. १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ धावू लागलेली शकुंतला इथला कापूस गाठी बांधून बाहेर घेऊन गेली. आजही इथून बाहेर जाते ती बहुतेक सरकी आणि गाठ. तयार कापड दुसरीकडून दुकानात येतं. जमशेटजींच्या मुंबईत लाकूड होतं आणि ते जागेवरच जहाज होत होतं. मधली सगळी कमाई, लाकूडतोड्यापासून शीड शिवणाऱ्यापर्यंत, इथल्या माणसांच्या घरी जात होती. हुनर आणि निर्णय इथल्या माणसाच्या हातात होता, तेवढे दिवस ते टिकलं. यंत्र आणि कायदा बाहेर गेला, तसं बंद पडलं.

बारा रुपये महिन्यावर लाकूड तासायला सुरुवात केलेल्या त्या वाढयाला १८०२ मध्ये बाजूला सारायचं जवळजवळ ठरलं होतं. ते झालं नाही, म्हणून आज हार्टलपूलच्या पाण्यावर उभ्या असलेल्या जहाजासोबत एका साहेबाचं नाव नाही, जमशेटजी बमनजी वाडिया हे नाव सांगितलं जातं.